खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं चिवट शेवाळ: आधी काय, नंतर काय

खाऱ्या पाण्याची टाकी लावून चार-सहा महिने झाले की दगडांवर हिरवे केस दिसायला लागतात, आणि नवा माणूस पहिलं काम करतो ते दुकानात जाऊन बाटली मागायचं. ते करू नका. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी विकल्या जाणाऱ्या शेवाळनाशकांपैकी काहींत तांबं असतं. ते समुद्री टाकीत पडलं तर शेवाळाच्या आधी गोगलगायी, कोळंब्या आणि खेकडे मरतात. शिवाय तांबं दगडांत आणि वाळूत मुरतं आणि पुढे किती तरी दिवस थोडं थोडं सुटत राहतं.

औषधाची पाळी येते, पण सगळ्यात शेवटी. आधी शेवाळ ओळखायचं, मग त्याचं खाद्य कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, मग हाताने उपटायचं, मग ते खाणारे जीव आणायचे. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि शेवाळ राहतं. इथे हिशेबाला सोपी जावी म्हणून दोनशे लिटरची टाकी धरली आहे.

आधी ओळख

सगळंच शेवाळ सारखं नसतं, आणि काही तर शेवाळ नसतंच. एकावरचा उपाय दुसऱ्याला वाढवतो, म्हणून इथे घाई नको.

टाकी नवी आहे आणि काचेवर, वाळूवर तपकिरी धूळ बसली आहे, बोट फिरवलं की पुसली जाते: हे डायटम. पाण्यातल्या सिलिकावर वाढतात आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. काच पुसा, बाकी गप्प बसा.

लाल, जांभळट किंवा काळपट हिरवी साय, जी सायफनच्या नळीने अख्खी पापुद्र्यासारखी निघते आणि हाताला वास लागतो, ती सायनो. हे शेवाळ नव्हे, प्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत. पाणी जिथे साचून राहतं, खाण्याचे कण बसतात, तिथे ही साय पसरते. ओढून काढा, वेव्हमेकरचं, म्हणजे पाण्यात प्रवाह तयार करणाऱ्या पंपाचं, तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा, वाळूचा वरचा थर सायफन करा. बाजारात तिच्यासाठी मिळणाऱ्या पुड्या काम करतात, पण कारण तसंच राहिलं तर साय परत येते.

हिरव्या केसांचे दोन मुख्य प्रकार नवशिक्यांना छळतात. एक साधं केसाळ शेवाळ, ज्याला सगळे हेअर अल्गी म्हणतात. त्यात डर्बेसियासारख्या बऱ्याच जाती येतात. मऊ असतं, चिमटीत धरून ओढलं की झुबका निघतो. दुसरं ब्रायोप्सिस. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. एक छोटा झुबका काचेच्या ग्लासात, स्वच्छ खाऱ्या पाण्यात सोडा आणि उजेडाकडे धरून बघा. मधे दांडी आणि दोन्ही बाजूंना पिसासारख्या फांद्या दिसल्या तर ब्रायोप्सिस. नुसते धागे असतील तर हेअर अल्गी. हा फरक पुढे कामाला येतो, कारण ब्रायोप्सिसला बहुतेक प्राणी तोंड लावत नाहीत आणि नुसतं उपाशी ठेवूनही ते सहज हार मानत नाही.

दगडांच्या फटीत चकचकीत हिरवे मणी दिसले तर ते व्हॅलोनिया, म्हणजे बबल अल्गी. प्रत्येक मणी ही एकच पेशी असते. नखाएवढी, कधी त्याहून मोठी पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसते ही गोष्ट मला आजही थक्क करते, पण टाकीत नको. दगड बाहेर काढून मणी मुळासकट खरवडून काढायचा. आतल्या आत फोडत बसू नका.

आणि एक तपकिरी प्रकार आहे ज्याची भीती बाळगावी: डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव. चिकट, शेंबडासारखे तंतू, टोकांना हवेचे बुडबुडे. रात्री कमी होतात, दिवे लागले की दुपारपर्यंत पुन्हा पसरतात. गोगलगायी कारण नसताना मरायला लागल्या तर संशय पक्का करा. थोडा चिकटा बाटलीत पाण्यासकट घेऊन जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. तंतू पुन्हा जुळून आले तर डायनो. स्वस्तातला शाळकरी सूक्ष्मदर्शक मिळाला तर अजून बरं, लहान गोल पेशी हालताना दिसतात. यांच्यावरचा उपाय बाकी सगळ्यांच्या उलट आहे. तो शेवटी सांगतो.

दगडावर कडक गुलाबी-जांभळा थर चढत असेल तर त्याला हात लावू नका. ते कोरलाइन शेवाळ. ते जिथे बसतं तिथे केसाळ शेवाळाला जागा मिळत नाही.

पाणी: बहुतेकांचा घोटाळा इथेच

मीठ महागाचं आणायचं आणि त्यात पाणी घालायचं नळाचं, हे नेहमी दिसतं. नळाच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका जे काही असेल ते सगळं टाकीत जातं. बोअर किंवा टँकरचं पाणी तर विचारूच नका.

"आमच्याकडे आरओ आहे" हे उत्तरही पुरेसं नाही. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच आरओ यंत्रांत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ठरवणारा कंट्रोलर असतो. प्यायला पाणी बेचव लागू नये म्हणून तो पडद्यातून न गेलेलं थोडं पाणी परत त्यात मिसळतो. काही यंत्रांत खनिजं घालणारं कार्ट्रिजही असतं. प्यायला उत्तम, टाकीला नाही. दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या आणि त्या पाण्यात बुडवा. आकडा ४०-५० आला तर त्यात काय विरघळलंय ते मीटर सांगणार नाही, पण काहीतरी आहे एवढं नक्की. टाकीसाठी आकडा शून्य हवा. त्यासाठी आरओनंतर डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या दाण्यांचं, कार्ट्रिज जोडायचं. मीटर १ किंवा २ दाखवायला लागला की रेझिन बदलायचं, कारण संपत आलेल्या रेझिनमधून सिलिका आणि फॉस्फेट लवकर निसटतात.

पाणी बदलण्यापेक्षाही जास्त नुकसान होतं ते रोजच्या टॉप-अपमध्ये. मे महिन्यात पंखा लावलेल्या दोनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते फक्त पाणी, विरघळलेलं सगळं मागे राहतं. महिन्याला शंभर लिटर नळाचं पाणी वरून घातलं तर अर्ध्या टाकीएवढ्या नळाच्या पाण्यातला माल तुम्ही आत साठवलात. म्हणून टॉप-अपलाही शून्य टीडीएसचंच पाणी, आणि बिनमिठाचं.

कोकणात किंवा मुंबईत राहणारे काही जण थेट समुद्राचं पाणी आणतात. शहराजवळच्या किनाऱ्याचं पाणी सांडपाण्यामुळे शेवाळाच्या खाद्याने भरलेलं असतं आणि पावसाळ्यात त्याची खारटपणाची पातळीही उतरते. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

मोजा, पण शून्याच्या मागे लागू नका

दोन किट लागतात: नायट्रेट आणि फॉस्फेट. फॉस्फेटसाठी रंग जुळवायची साधी किट निरुपयोगी, कारण आपल्याला हवा तो फरक इतका बारीक असतो की डोळ्याला तो निळा रंग वेगळा दिसतच नाही. हॅनाचा छोटा डिजिटल चेकर महाग आहे, पण तोच घ्या. त्याचं फॉस्फरस मोजणारं मॉडेल असेल तर आकड्याला ३.०६६ने गुणून हजाराने भागायचं. २० आलं तर फॉस्फेट साधारण ०.०६ पीपीएम (म्हणजे दहा लाखांत इतके भाग).

लक्ष्य ठेवा: नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम.

आता गंमत अशी की दगड हिरवेगार झालेले असतात आणि चेकर फॉस्फेट शून्य दाखवतो. किट खराब नाही. पाण्यात आलेलं फॉस्फेट शेवाळाने खाऊन टाकलंय, म्हणून पाण्यात शिल्लक नाही. तो शून्य बघून "माझं पाणी तर स्वच्छ आहे" असा निष्कर्ष काढला की माणूस भलतीकडेच शोधत बसतो. शेवाळ उपटून काढल्यावर दोन आठवड्यांनी येणारा आकडा खरा.

नुसतं पाणी बदलून काय साधतं तेही हिशेबाने बघा. नायट्रेट ४० असताना २० टक्के पाणी बदललं तर ३२ होतं. लागोपाठ चार आठवडे बदललं तर १६च्या आसपास, तेही दरम्यान नवं काही आलं नाही तर. फॉस्फेटच्या बाबतीत एवढंही होत नाही. चुनखडीचे दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की परत सोडतात. दुसऱ्याच्या मोडलेल्या टाकीतले जुने दगड स्वस्तात मिळाले असतील तर ते अशा फॉस्फेटने भरलेले असू शकतात.

दगडांचा विषय निघालाच आहे तर: दगडी प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे उचलून आणणं किंवा तसे कुणाकडून विकत घेणं, दोन्ही टाळा. तयार केलेले सिरॅमिक किंवा सिमेंटचे दगड आता मिळतात, आणि त्यांत जुनं फॉस्फेटही नसतं.

हाताने उपटणे

याला पर्याय नाही. शेवाळ म्हणजे टाकीतलं साठलेलं नायट्रेट आणि फॉस्फेटच. झुबका बाहेर काढून फेकला की ते कायमचं गेलं. टाकीतच मरू दिलं तर परत पाण्यात.

वेव्हमेकर आणि पंप बंद करा, म्हणजे तुकडे टाकीभर उडणार नाहीत. बारा-सोळा मिलिमीटरच्या पारदर्शक नळीच्या टोकाला कडक ब्रिसलचा टूथब्रश केबल टायने बांधा. एका हाताने घासायचं, सुटलेलं शेवाळ त्याच क्षणी नळीत ओढलं जातं. बादलीच्या तोंडाला जुन्या सुती धोतराचं किंवा मलमलचं फडकं बांधा. शेवाळ फडक्यात राहतं आणि पाणी स्वच्छ असेल तर परत टाकीत घालता येतं. आठवड्याच्या पाणी बदलण्याच्या दिवशीच हे केलं तर तेही लागत नाही. एका वेळी टाकीचा एक तृतीयांश भाग घ्या. सगळं एकदम खरवडलं की कचरा उडतो, मासे धापा टाकतात आणि आपलीही पाठ धरते.

जो दगड सहज बाहेर निघतो तो बाहेर काढूनच साफ करा. टाकीतलंच पाणी घेतलेल्या टबात घासा. केस मुळाशी राहिले असतील तर त्या जागेवर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, दोन-तीन मिनिटं ठेवा, खाऱ्या पाण्याने धुवा आणि दगड परत ठेवा. औषधाच्या दुकानात आपल्याकडे बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, तेव्हा लेबल वाचा आणि तेवढंच डीआय पाणी मिसळून अर्ध्यावर आणा. दोन-चार दिवसांत ती जागा पांढरी पडते. दगडावर कोळंबी, खेकडा किंवा किडे बसलेले नाहीत ना ते आधी बघा. बाटली थेट टाकीत ओतायचे प्रयोग नवशिक्याने करू नयेत, कोळंब्यांना ते सोसत नाही.

आत जाणारं कमी, बाहेर निघणारं जास्त

नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही, म्हणून उपटण्याच्या सोबतीने हेही.

गोठवलेलं खाद्य थेट टाकीत टाकू नका. टाकीच्या वाटीभर पाण्यात ते वितळू द्या, चहाच्या गाळणीतून गाळा आणि फक्त मायसिस किंवा आर्टेमिया, म्हणजे त्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, टाका. ते गढूळ पाणी बेसिनमध्ये. मासे दोन मिनिटांत खातील एवढंच घाला. शेवाळ मारायचं म्हणून माशांची उपासमार करू नका. मासे रोडावतात, रोग पकडतात आणि शेवाळाला काही फरक पडत नाही.

स्किमरची, म्हणजे फेसासोबत मळ बाहेर काढणाऱ्या यंत्राची, मान दर आठवड्याला पुसा. आतून मळ चढला की फेस वर येतच नाही. फिल्टर फ्लॉस, म्हणजे कचरा अडवणारा कापूस, दोन-तीन दिवसांनी बदला. अडकलेला कचरा महिनाभर तिथेच कुजणार असेल तर तो गाळून उपयोग काय?

सम्प, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेली फिल्टरची दुसरी टाकी, असेल तर त्यात रेफ्युजियम, म्हणजे शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा, करा. कीटोमॉर्फा नावाचं, नायलॉनच्या गुंत्यासारखं दिसणारं शेवाळ तिथे टाका आणि रात्री त्याच्यावर दिवा लावा. ते वाढेल तसं मूठ-मूठ काढून फेकायचं. शेवाळ आपल्या सोयीच्या जागी वाढवायचं, ही कल्पना जुनी आहे. स्मिथसोनियनमधले शास्त्रज्ञ वॉल्टर अॅडी यांनी जाळीवर शेवाळ वाढवून पाणी शुद्ध करायची पद्धत विकसित केली, आणि घरगुती अल्गी स्क्रबर तिथूनच आले. कॉलेर्पा नावाचं शेवाळ मात्र रेफ्युजियममध्ये घेऊ नका. पंपातून मुख्य टाकीत गेलं की उपटता उपटता नाकी नऊ येतात.

फॉस्फेट शोषणारे जीएफओचे तपकिरी दाणे कामाचे आहेत, पण पाकिटावर लिहिलेल्याच्या अर्ध्या मापाने सुरुवात करा आणि दर तीन-चार दिवसांनी मोजा. फॉस्फेट झपकन उतरलं तर टाकीतल्या इतर जिवांना त्रास होतो. व्होडका किंवा व्हिनेगर घालून जिवाणू वाढवायच्या पद्धतीही आहेत. पहिल्या वर्षात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

दिवे सात-आठ तासांवर आणा. दिव्यातल्या रंगांचे चॅनल वेगवेगळे करता येत असतील तर पांढरा आणि लाल कमी करा, निळा राहू द्या. खिडकीतून ऊन पडत असेल तर पडदा. तीन दिवस टाकी पूर्ण झाकून ठेवण्याचा उपाय सायनोवर कामी येतो, हेअर अल्गी मात्र थोडी फिकट होते आणि दिवे लागले की परत उठते.

खाणारे जीव

शेवाळ बोटभर वाढलेलं असताना गोगलगायी आणल्या तर त्या आजूबाजूची काच चाटत फिरतात. त्यांना आखूड, कोवळं शेवाळ लागतं. म्हणून आधी उपटायचं आणि राहिलेल्या खुंटांवर त्यांना सोडायचं.

दोनशे लिटरला सहा-आठ ट्रोकस किंवा टर्बो जातीच्या गोगलगायी पुरे. गरज वाटली तर महिन्याने वाढवा. मी ट्रोकसच्या बाजूने आहे: उलटी पडली तर ती स्वतः सरळ होते, टर्बोला बहुतेक वेळा आपल्याला उलटवावं लागतं, नाहीतर मरून पाणी नासवते. मेक्सिकन टर्बो तर थोड्या थंड पाण्यातली आहे, आपल्या उन्हाळ्यात फार टिकत नाही. आणल्यावर तासभर थेंब-थेंब पाणी देत सरावू द्या. खारटपणातला फरक गोगलगायींना माशांपेक्षा जास्त झोंबतो. जुहू किंवा गिरगावच्या खडकांवरून गोगलगायी उचलून आणू नका. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या त्या जिवांना पाण्याबाहेर यायची सवय असते. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीवर सापडतात.

टक्सेडो अर्चिन, म्हणजे काटेरी गोल समुद्री जीव, दगड चांगला साफ करतो, पण सुटी वस्तू पाडतो आणि कोरलाइनही खातो. व्हॅलोनियासाठी एमराल्ड खेकडा, पण सगळेच खेकडे खातात असं नाही. लॉनमोअर ब्लेनी छान मासा आहे. टँग आणि फॉक्सफेस हे मासे शेवाळ उत्तम खातात, मात्र त्यांना पोहायला लांब टाकी लागते, दोनशे लिटर त्यांच्यासाठी कमी आहे. फॉक्सफेसच्या पाठीचे काटे विषारी असतात हेही हात घालताना लक्षात ठेवा.

ब्रायोप्सिस असेल तर

दोन महिने वरचं सगळं करूनही पिसं तशीच असतील तर फ्लुकोनाझोल. हे माणसांचं बुरशीविरोधी औषध, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. टाकीतला त्याचा वापर मुख्यतः हौशी लोकांच्या अनुभवातून आलेला आहे. प्रमाण साधारण लिटरला ५ मिलिग्रॅम. दगड आणि वाळू वजा करून टाकीत आणि सम्पमध्ये मिळून खरं पाणी १८० लिटर असेल तर ९०० मिलिग्रॅम, म्हणजे १५०च्या सहा गोळ्या. बारीक कुटून कपभर टाकीच्या पाण्यात ढवळून ओतायच्या. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, यूव्ही दिवा असेल तर बंद करा, दोन आठवडे पाणी बदलू नका.

पहिला आठवडा काहीच होत नाही, मग पिसं फिकट पडून गळायला लागतात. गळालेलं सगळं सायफनने बाहेर काढा, कारण एवढं शेवाळ एकदम कुजलं की पाण्यातला प्राणवायू उतरतो. त्याच वेळी वीज गेली तर मासे तासाभरात वर येऊन तोंड उघडतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप आधीच घरात ठेवा. शेवटी २५ टक्के पाणी बदलून कार्बन परत लावा. सायनो, डायनो किंवा व्हॅलोनियावर हे औषध चालत नाही, तेव्हा ग्लासातली ओळख पक्की असल्याशिवाय गोळ्या कुटू नका.

डायनो: इथे उलट चाला

डायनो बहुतेकदा अशा टाकीत येतात जिथे नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणलेले असतात. जीएफओ जास्त, स्किमर जास्त, खाणं कमी, आणि जागा रिकामी. म्हणून इथे पाणी बदलणं थांबवा, जीएफओ काढा, खाणं थोडं वाढवा, आणि नायट्रेट ५ ते १० तर फॉस्फेट ०.१च्या आसपास येऊ द्या. दुसरं शेवाळ आणि जिवाणू वाढले की डायनोंना जागा उरत नाही. तंतू रोज सायफन करून फडक्यातून गाळत राहा. रात्री जे पाण्यात तरंगायला जातात, विशेषतः ऑस्ट्रिओप्सिस, त्यांच्यावर यूव्ही चांगला चालतो. वाळूत राहणाऱ्या अँफिडिनियमवर त्याचा परिणाम फारसा होत नाही. चार-सहा आठवडे धीर धरावा लागतो आणि या काळात थोडं हिरवं शेवाळ आलं तर ते चांगलं लक्षण समजा.

हेअर अल्गी हटल्यावर एक काम उरतं. ज्या गोगलगायी आणि अर्चिन तुम्ही आणले, त्यांचं जेवण तुम्हीच संपवलंत. आता त्यांना दर दोन दिवसांनी बिनमिठाच्या, बिनतेलाच्या नोरीचा, म्हणजे खायच्या वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, बोटभर तुकडा दगडाखाली दाबून द्या आणि सकाळी उरलेला काढून टाका.